होई आनला राहायचं ठरवताना आधी पाण्याचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम, त्यातल्या चार रात्री होई आनला. आई-बाबा शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. जुन्या गावात अगदी नदीला लागून असलेलं एक हॉटेल पसंत पडलंय. आज पूर्ण पैसे भरले तर चांगली सूट मिळते आहे. घ्यावं का?

नका घेऊ. हॉटेल वाईट आहे म्हणून नव्हे. जागा आणि महिना, दोन्ही एकमेकांना मारक आहेत म्हणून. मी गेली चौदा वर्षं महाराष्ट्रातून लहान गट घेऊन व्हिएतनामला जाते, आणि सगळ्यात जास्त मुक्काम होई आनलाच केलेत. या गावाची आखणी करताना मी बजेटच्याही आधी पाणी बघते.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, जूनमध्ये. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्याला तो ईशान्येकडून येतो, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा जोर असतो. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या चुओंग सोन डोंगररांगेला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. तामिळनाडूचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. ते सगळं पाणी थू बोन नदीतून खाली येतं आणि नदीच्या मुखाशीच होई आन बसलेलं आहे. म्हणजे आपली दिवाळी नेमकी त्यांच्या पुराच्या दिवसांत येते. २०२५मध्ये आपली भाऊबीज होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा जुन्या गावाच्या रस्त्यांवर कंबरभर पाणी होतं आणि लोक होड्यांतून ये-जा करत होते.

पूर हा तिथे अपघात नाही, घराच्या बांधणीतच तो धरलेला आहे. न्गुयेन थाय होक रस्त्यावर तान की नावाचं जुन्या व्यापाऱ्याचं घर आहे. त्याचा पुढचा दरवाजा बाजारपेठेकडे, मागचा नदीकडे, म्हणजे माल होडीतून थेट घरात. त्या मागच्या भागात भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, प्रत्येकीपुढे साल लिहिलेलं. खालच्या खुणा माझ्या गुडघ्याशी, मग कमरेशी, आणि १९६४ची खूण डोक्याच्या बरीच वर. फुंग हुंग या दुसऱ्या जुन्या घरात माडीच्या जमिनीला एक चौकोनी झडप आहे. पाणी चढायला लागलं की त्या झडपेतून खालचं सामान वर ओढून घ्यायचं. मुलांना ही झडप नक्की दाखवा, मोठ्यांना समजावून जे कळत नाही ते त्यांना तिथे एका मिनिटात कळतं.

एका नोव्हेंबरमध्ये माझ्याच गटातल्या एका जोडप्याने हट्टाने नदीकाठची तळमजल्याची खोली घेतली होती. रात्री अकरा वाजता हॉटेलच्या मालकीणबाई दार वाजवत आल्या, बॅगा उचलल्या, वर नेऊन ठेवल्या. सकाळी आम्ही त्या दोघांना फळीवरून होडीत उतरवलं. कुणाला काही झालं नाही. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर तर रोजच्या कामाइतकाही ताण नव्हता. पण उरलेल्या दोन रात्रींचे पैसे बुकिंग करणाऱ्या कंपनीने परत दिले नाहीत, कारण दर 'विना-परतावा' होता. तुमची ती आजची सूटसुद्धा त्याच जातीची असणार, अटी एकदा नीट वाचा. आणि त्या जोडप्याचं वय तिशीचं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फळीवरून होडीत उतरवण्याची वेळ मला येऊ द्यायची नाही.

मग कधी जायचं? फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हे सगळ्यात चांगले दिवस. कोरडी हवा, सोसवेल असं ऊन, समुद्र हळूहळू शांत होत जाणारा. पण मुलांच्या परीक्षा तेव्हाच असतात, हे मला कळतं. त्यामुळे तुमच्यासाठी मी मे महिना सुचवीन. उकाडा असतो, पारा पस्तीसपर्यंत जातो, दमटपणा आपल्या कोकणासारखाच. पण पाऊस नसतो आणि समुद्रात मुलांना निर्धास्त उतरवता येतं. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या आठवड्यात सगळा देश फिरायला निघतो आणि खोल्यांचे दर चढतात. म्हणून ५ मेनंतर निघा. आणखी एक काळ टाळायचा तो तेतचा, म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाचा. तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येतो. २०२७मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. तेव्हा निम्मी दुकानं बंद असतात, आणि उघडी असलेली महाग.

तारीख नक्की करताना घरची दिनदर्शिका जवळ घ्या. त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्या आसपास, जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि रस्ते कंदिलांवर सोडतात. रेशमी कापडाचे, बांबूच्या कामट्यांचे कंदील तसे रोजच लागतात, पण त्या रात्री घरांच्या उंबऱ्यावर पूर्वजांसाठी उदबत्त्या आणि फळं मांडलेली दिसतात, आणि उत्सव फक्त पर्यटकांसाठी नाही हे समजतं. गर्दी मात्र फार. आई-बाबांना घेऊन पाचलाच जा, नदीकडे पाठ करून आतल्या गल्लीतल्या एखाद्या चहाच्या दुकानात बसवा, आणि आठच्या आत परत आणा.

आता राहायचं कुठे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक सहली मुक्काम जवळच्या दा नांग शहरात ठेवतात आणि होई आनला संध्याकाळी चार ते नऊ अशा बेतात आणतात. खरं सांगते, मला या बेताचं वाईट वाटतं. त्या पाच तासांत गावातल्या सगळ्या बसगाड्या एकदम रिकाम्या झालेल्या असतात. जपानी पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि लोक होई आन म्हणजे जत्रा समजून परत येतात. हे गाव सकाळी साडेपाच ते आठ या वेळात बघावं. बाजाराच्या घाटावर मासळीच्या होड्या लागतात, बायका ओणव्या होऊन टोपल्यांतली कोळंबी निवडत असतात, पिवळ्या भिंतींवर तिरपं ऊन पडतं, आणि रस्त्यावर झाडू मारल्याचा आवाज ऐकू येतो. ते मिळवायचं तर रात्री तिथेच झोपलं पाहिजे. चार रात्रींचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे, त्यात काटछाट करू नका.

पण झोपायचं ते अगदी जुन्या गावात नको. नदीपलीकडच्या आन होई बेटावर तर नकोच. तिथे रात्रीचा बाजार आहे आणि उशिरापर्यंत गाणी वाजतात. जुनं गाव आणि आन बांगचा समुद्रकिनारा यांच्यात चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, आणि मधला बराचसा भाग भाताच्या शेतांचा. त्या पट्ट्यात कुटुंबं चालवतात असे छोटे होमस्टे आणि पोहण्याचा तलाव असलेली मध्यम हॉटेलं भरपूर आहेत. दोघांच्या खोलीला नाश्त्यासकट साधारण अडीच ते चार हजार रुपये पडतात. सायकली बहुतेक ठिकाणी फुकट असतात. तुम्हा सहा जणांसाठी तीन वेगळ्या खोल्यांपेक्षा, एकमेकींना लागून दोन खोल्या आणि त्यातली एक तळमजल्यावर, असं मागा. लहान हॉटेलांत लिफ्ट नसते, आणि फोटोत जिना दिसत नाही. बुकिंग करण्याआधी एक ओळ लिहून विचारा: लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्याची खोली आई-बाबांना द्याल का, आणि न्हाणीघरात आंघोळीचा टब आहे की सपाट जमीन. टबात पाय उचलून उतरणं हे गुडघ्यांसाठी जिन्याइतकंच कठीण असतं, हे मी माझ्या आईमुळे शिकले.

पोहोचायचं दा नांगमार्गे. होई आनला स्वतःचा विमानतळ नाही, रेल्वेही नाही. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. तिथून दा नांग सव्वा ते दीड तास. दा नांग विमानतळापासून होई आन साधारण तीस किलोमीटर, गाडीने पाऊण ते एक तास. सहा माणसं म्हणून सातजणांची गाडी मागाल, तर माणसं मावतील आणि बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. हॉटेलला सोळा आसनी व्हॅन पाठवायला सांगा, फरक फार नसतो.

व्हिसा ई-व्हिसाच घ्या. २०२३च्या ऑगस्टपासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेश करायचा असेल तर शुल्क २५ डॉलर. संकेतस्थळ सरकारीच असल्याची खात्री करा, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' पाहिजे. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी पानं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. आपल्या मराठी माणसांची चूक ठरलेली असते: पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, दोन्ही नावं असतात, आणि अर्जात आपण मधलं नाव गाळतो. पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर भरा. सहाही अर्ज एकाच माणसाने भरावेत आणि दुसऱ्याने तपासावेत. जुन्या माहितीत होई आन क्वांग नाम प्रांतात असल्याचं वाचाल. १ जुलै २०२५पासून तो प्रांत दा नांग शहरात विलीन झाला आहे. पत्ता लिहिताना गोंधळू नका.

पैशांबद्दल एकच युक्ती. डाँग, म्हणजे तिथलं चलन, त्याच्या रकमेतली शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा, रुपये आले. म्हणजे एक लाख डाँग साडेतीनशेच्या आसपास. आणि एक धोका: वीस हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात माझ्या गटातल्या तीन-चार जणांनी तरी नारळपाण्याला पाच लाख दिलेत. वीस हजारांच्या नोटेवर होई आनचाच जपानी पूल छापलाय. बाबांना पहिल्याच दिवशी तो पूल दाखवा आणि सांगा, पूल दिसला तर नोट छोटी.

त्या पुलाविषयी दोन शब्द. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी व्यापाऱ्यांनी तो बांधायला घेतला. त्यांची वस्ती एका बाजूला, चिनी लोकांची दुसऱ्या बाजूला. युरोपी लोक या बंदराला फायफो म्हणत. रेशीम, चिनी मातीची भांडी, मिरी, दालचिनी असा सगळा माल इथून जाई. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं येईनात, आणि व्यापार दा नांगला सरकला. चौल-रेवदंडा पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की होई आनला पेठ जशीच्या तशी उभी राहिली, आणि १९९९मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. पुलाची मोठी दुरुस्ती २०२२अखेर सुरू होऊन ऑगस्ट २०२४मध्ये पूर्ण झाली. रंग फार ताजा दिसतो म्हणून तिथे बरीच ओरड झाली होती. पाऊस तो रंग आपोआप उतरवेल असं मला वाटतं.

जुन्या गावाचं तिकीट परदेशी माणसाला १,२०,००० डाँग, आणि त्यात पाच कुपनं असतात. सगळी जुनी घरं आणि चिनी व्यापाऱ्यांची सभागृहं बघायचा प्रयत्न करू नका. पूल, तान की, फुकियन सभागृह, हायनान सभागृह, आणि एक तुमच्या मनाचं. फुकियनमध्ये समुद्राची देवी थिएन हाऊ आहे, जिच्यापुढे खलाशी नवस बोलत. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठाल्या शंकूंसारख्या वेटोळ्या आई-बाबा बराच वेळ बघत बसतील. हायनान सभागृहात गर्दी नसते. १८५१मध्ये समुद्री चाचे समजून मारल्या गेलेल्या १०८ निरपराध व्यापाऱ्यांच्या स्मरणार्थ ते आहे. मी दर वेळी तिथे जाऊन बसते.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी करा, पण एका बाबतीत जास्त करा. शाकाहाराला तिथे 'चाय' म्हणतात. 'आन चाय', म्हणजे मी शाकाहारी जेवतो, एवढं बोललात की लोकांना नेमकं कळतं, कारण बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, आपल्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांस-मासे टाळतात. 'चाय' पाटीची छोटी खानावळ जवळपास सापडतेच. टोफू, मशरूम, केळफूल, कोवळ्या फणसाची भाजी, पालेभाज्या आणि भात. केळफूल आणि फणस पाहून आईंना घरची आठवण येईल. जास्त काळजी घ्यायची ती इतर हॉटेलांत 'फक्त भाज्या' मागवताना. तिथे भाजीतसुद्धा 'नुओक माम' पडतं, ते माशांचं आंबवलेलं पाणी, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या लेखी तो मासा नव्हे, मीठ आहे. म्हणून 'मांस नको' म्हणू नका, 'चाय' म्हणा. हॉटेलच्या मुलीकडून एका कागदावर त्यांच्या लिपीत लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी, माशाचं पाणी नको; अंडं चालत असेल तर तसंही लिहून घ्या. तो कागद बाबांच्या खिशात.

तुम्ही चौघं खात असाल तर काव लाउ सोडू नका. जाड, चिवट, पिवळट शेवया, डुकराच्या मांसाच्या चकत्या, वर कुरकुरीत तुकडे आणि मूठभर पाला, रस्सा अगदी तळाशी. गावातले लोक सांगतात की या शेवयांना बा ले विहिरीचंच पाणी लागतं आणि राख समोरच्या चाम बेटांवरच्या झाडांची. 'काव लाउ चाय' मागितली तर टोफू घालूनही मिळते. पाला येतो तो बहुतेक चा क्वे गावातून. ते तुमच्या होमस्टेपासून सायकलवर दहा मिनिटं. नदीतलं शेवाळ खत म्हणून वाफ्यांत पुरतात, तुळशीच्या, पुदिन्याच्या ओळी आखल्यासारख्या सरळ. सकाळी सहाला गेलात तर बायका खांद्यावरच्या कावडीतून पाणी घालताना दिसतात. सहा वर्षांच्या मुलाला झारी हातात दिली की तो परत यायला तयार होत नाही, हा माझा अनुभव.

'मी सोन' हे जुन्या मंदिरांचं ठिकाण म्हणजे तुमच्या सहलीतला एक पूर्ण अर्धा दिवस आहे, आणि आई-बाबांसाठी तोच सगळ्यात मोठा. होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून शिवमंदिरं बांधली. भद्रवर्मन राजाने स्थापलेल्या देवाचं नाव भद्रेश्वर. शिलालेख संस्कृतातही आहेत. १९६९मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत इथल्या बऱ्याच मंदिरांचा चुराडा झाला. खड्डे अजून दिसतात, गवताने भरलेले. पुढे काझिमिएझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुविशारदाने इथे आणि होई आनला अनेक वर्षं काम केलं. गावात त्याचा अर्धपुतळा आहे, लोक त्याला काझिक म्हणतात. अलीकडे काही मंदिरसमूहांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली, आणि त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. एकदा माझ्याबरोबर साताऱ्याच्या एक आजी होत्या. एका मोडक्या गाभाऱ्यापाशी त्यांनी शाळुंकेच्या पन्हळीवरून, जिथून अभिषेकाचं पाणी वाहून जातं तिथून, लांबूनच बोट फिरवल्यासारखं केलं, चप्पल काढली आणि उभ्या राहिल्या. मार्गदर्शकाने चंपाचा इतिहास सांगायला सुरुवात केली होती, तोही थांबला.

तिथे सकाळी साडेसहापर्यंत पोहोचा. पर्यटकांच्या बसगाड्या नऊनंतर येतात, आणि दहानंतर विटा तापतात. दारापासून आत विजेची गाडी नेते, पण पुढे दीड-दोन किलोमीटर चढ-उताराचं चालणं आहेच. बाबांना बी, सी आणि डी हे जवळजवळचे समूह पुरेत. जी समूहाची चढण सोडून द्या.

मुलांसाठी काम थान्हच्या पाणनारळाच्या राईतल्या गोल टोपलीच्या होड्या आहेत. दुपारी तिथे कर्णे लावून गाणी चालतात. सकाळी आठला जा, शांतता मिळते. चाम बेटांवर मेमध्ये जाता येतं, पण वेगाची बोट फार आपटते, आई-बाबांना त्या दिवशी घरीच ठेवा. बेटावर प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, टॉवेल कापडी पिशवीत न्या. समुद्रस्नानाला आन बांग; कुआ दायचा किनारा लाटांनी बराच खाल्लेला आहे.

स्कूटर भाड्याने घेऊ नका, कुणी कितीही सहज देवो. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारानुसार असतो, आणि व्हिएतनाम १९६८चा मानतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

उरलं शिवणकाम. होई आनला शेकडो शिंप्यांची दुकानं आहेत, आणि 'चोवीस तासांत सूट' अशी पाटी सगळीकडे. चोवीस तासांत शिवून मिळतं, नीट बसत नाही. म्हणून माप पहिल्या दिवशी सकाळी द्या, दुसऱ्या दिवशी पहिली ट्रायल, तिसऱ्या दिवशी दुसरी, चौथ्या दिवशी कपडा ताब्यात. आगाऊ निम्मेच पैसे. कापड लोकर किंवा रेशीम म्हणून देत असतील तर कडेचा एक धागा काढून जाळून दाखवायला सांगा: केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर खरं, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. चांगला दुकानदार हसत काडी पेटवतो. आणि फोटो नेण्यापेक्षा अंगाला बसलेला जुना कपडा न्या. बाबांचा सगळ्यात आवडता, कॉलर विरलेला सदरा असेल ना, तो बॅगेत टाका. आईंचं नीट बसणारं एक ब्लाउजही. शिंपीणबाई ते टेबलावर उलटं पसरते, शिवणीवरून बोट फिरवते, आणि तुम्हाला काही बोलावंच लागत नाही.